उसन्या माणसांचा आयोग

१९५४च्या मे महिन्यात भंडारा जिल्ह्यात लोकसभेच्या दोन जागांसाठी पोटनिवडणूक झाली. या भागात मे म्हणजे तेंदूपत्त्याचा हंगाम. पहाटे जंगलात शिरायचे, उन्हे चढायच्या आत पाने तोडून आणायची, पुडे बांधायचे आणि कंत्राटदाराच्या माणसापुढे मोजून द्यायचे, यात निम्मे गाव गुंतलेले असते. अशा दिवसांत गावोगावच्या लोकांनी मतपेट्यांपुढे रांगा लावल्या. त्या वेळी भंडारा महाराष्ट्रात नव्हता, नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात होता. गोंदियाही भंडारा जिल्ह्याचाच भाग होता. दोनपैकी एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव. या राखीव जागेवर उभे होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पाच वर्षांपूर्वी, १५ जून १९४९ रोजी, निवडणुका सरकारच्या हातून काढून एका स्वतंत्र आयोगाकडे देण्याचा अनुच्छेद संविधानसभेत त्यांनीच मांडला होता. त्याच आयोगाने घेतलेल्या निवडणुकीत ते भंडाऱ्यात आठ हजारांहून अधिक मतांनी हरले. काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले. सर्वसाधारण जागा प्रजासमाजवादी पक्षाच्या अशोक मेहतांनी जिंकली.

ही हकीकत विदर्भात पुष्कळदा सांगितली जाते, पण बहुधा केवळ एका मोठ्या माणसाच्या पराभवाची म्हणून. तिच्या मागचा आणि पुढचा रस्ता मात्र फार लांबचा आहे. निवडणूक घेणारा कोणाचा माणूस असावा, हा प्रश्न त्या रस्त्यावर वारंवार उभा राहतो, आणि भंडारा जिल्हा त्यावर एकदा नव्हे, तीनदा-चारदा भेटतो. तेव्हा आपण जरा मागे जाऊन सुरुवात करू.

निवडणूक आणि राज्यकर्ता यांचे भांडण लोकशाहीपेक्षा जुने आहे. १६०४ साली इंग्लंडमध्ये बकिंगहॅमशायरच्या एका जागेवरून राजा पहिला जेम्स आणि कॉमन्स सभागृह यांच्यात वाद पेटला. गुडविन नावाचा उमेदवार निवडून आला होता, राजाच्या चॅन्सरी न्यायालयाने त्याची निवड रद्द ठरवली आणि दुसऱ्या मतदानात फॉर्टेस्क्यू आला. आपल्या सभासदाची निवड वैध की अवैध हे आपणच ठरवणार, असा हट्ट सभागृहाने धरला आणि अखेर तो टिकला. राजाच्या हातून निवाडा निघाला. पण तो गेला बहुमतवाल्या पक्षाच्या हाती, आणि पुढे दीर्घकाळ निवडणुकीच्या तक्रारी सभागृहातल्या संख्याबळावर निकाली निघू लागल्या. १८६८ साली हे काम न्यायाधीशांकडे सोपवले गेले, तेव्हा कुठे ती चूक दुरुस्त झाली. निवाड्याचे काम असे स्वतंत्र झाले, तरी प्रत्यक्ष निवडणूक घेण्याचे काम सरकारी नोकरांकडेच राहिले. त्यात एक मोठे पाऊल टाकले कॅनडाने. १९२० साली तिथल्या संसदेने मुख्य निवडणूक अधिकारी हे पद निर्माण केले आणि ते मंत्रिमंडळाच्या मर्जीपासून दूर ठेवले. आंबेडकरांनी संविधानसभेत या कॅनडाच्या कायद्याचा दाखला दिला होता.

आपल्याकडे मतदान आले ते वरून, इंग्रजांच्या हातून, हप्त्याहप्त्याने. १८५३ साली तिसऱ्या रघूजी भोसल्यांच्या निधनानंतर नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि भंडारा त्यातला एक जिल्हा बनला. जिल्ह्याचा धनी डेप्युटी कमिशनर. गावाचा सारा गोळा करणारे मालगुजार. धानाला पाणी देणारे त्यांचे तलाव आजही या जिल्ह्यात ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जातात. १८८२च्या मे महिन्यात लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याचा ठराव काढला. नगरपालिका आणि जिल्हा कौन्सिलांत निवडून आलेली माणसे असावीत, अध्यक्षही शक्यतो सरकारी अधिकारी नसावा, असा त्याचा आशय होता. १८८३मध्ये मध्य प्रांतात त्यासाठी कायदा झाला. त्या निवडणुकांत मतदार कोण हे सरकार ठरवी, मतदान सरकारचा अधिकारी घेई आणि निकालही तोच जाहीर करी. १९१९च्या सुधारणांनंतर प्रांतिक कौन्सिलच्या निवडणुका सुरू झाल्या, तरी या व्यवस्थेला धक्का लागला नाही. मताचा हक्क सारा किंवा कर भरणाऱ्यांना, म्हणजे मालगुजार, व्यापारी आणि काही वकिलांना. नांगर धरणारा, विडी वळणारी, विणकाम करणारा यांची नावे यादीत नव्हती. त्याच वर्षी जानेवारीत साउथबरो समितीपुढे एका सत्तावीस वर्षांच्या प्राध्यापकाने साक्ष देऊन मताधिकाराची अट खाली आणण्याची मागणी केली होती. आंबेडकरांची निवडणुकीच्या प्रश्नाशी पडलेली ही पहिली गाठ.

इथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्यायला हवी, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे. इंग्रज सरकार निवडणूक घेत होते, पण स्वतः निवडणुकीत उभे राहत नव्हते. डेप्युटी कमिशनर एखाद्या रावबहादुराला झुकते माप देई, एखाद्या स्वराज्यवाद्याला छळी. तरीही त्याचा वरिष्ठ मतपेटीतून निवडून येत नसल्यामुळे मतपेटीत त्याचे सर्वस्व पणाला लागलेले नसे. १९३५च्या कायद्याने चित्र बदलले. १९३७च्या निवडणुकांनंतर मध्य प्रांत-वऱ्हाडात डॉ. ना. भा. खऱ्यांचे मंत्रिमंडळ आले. आता जिल्ह्याचे अधिकारी मंत्र्यांचे हुकूम पाळणार होते, आणि मंत्री पुढच्या खेपेला उमेदवार असणार होते. घोडा आणि पंच एकाच धन्याचे झाले. हा पेच लगेच उघडा पडला नाही, कारण १९३९मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि १९४६च्या निवडणुका इथे गव्हर्नरच्या राजवटीत झाल्या. सत्तेवर बसलेल्या पक्षाने स्वतःच निवडणूक घेण्याचा पहिला प्रसंग स्वतंत्र भारतातच येणार होता, आणि तोही प्रत्येक प्रौढाला मत देऊन.

स्वतंत्र आयोगाची कल्पना संविधानसभेत आली ती मूलभूत हक्कांच्या चर्चेतून. निवडणुकांत सरकारचा हस्तक्षेप नसणे हा नागरिकाचा मूलभूत हक्कच मानावा, असे १९४७मध्ये हक्कांच्या समितीचे मत पडले होते. तत्त्व सर्वांना मान्य झाले, त्याची जागा मात्र मूलभूत हक्कांच्या प्रकरणाबाहेर ठरली. मला हा बदल दुर्दैवी वाटतो. हक्क म्हणून ते तत्त्व नोंदले गेले असते, तर पुढच्या कित्येक वादांत नागरिकाला थेट न्यायालयाचे दार ठोठावता आले असते. फेब्रुवारी १९४८च्या मसुद्यात प्रत्येक राज्यासाठी वेगळा, राज्यपालाने नेमलेला आयोग सुचवलेला होता. दरम्यान मतदारयाद्यांचे काम प्रांतांमार्फत सुरू झाले होते आणि तक्रारी येऊ लागल्या होत्या. फाळणीनंतर आलेले निर्वासित, दुसऱ्या भाषेचे किंवा दुसऱ्या वंशाचे लोक यांची नावे यादीत येऊ नयेत अशी पावले काही प्रांतांत उचलली जात होती. याद्यांच्या या अनुभवाने मसुदा उलटवला. १५ जून १९४९ रोजी आंबेडकरांनी अनुच्छेद २८९ नव्या रूपात मांडला: साऱ्या देशासाठी एकच आयोग, राज्य सरकारांच्या हुकुमापासून मुक्त. हाच पुढे अनुच्छेद ३२४ झाला.

दोन दिवसांच्या त्या चर्चेत दोन दुबळ्या जागा दाखवल्या गेल्या. पहिली माणसांची. एवढ्या मोठ्या देशाची निवडणूक घ्यायला आयोगाकडे स्वतःचे नोकर कुठून येणार? आंबेडकरांचे उत्तर व्यवहारी होते. निवडणुका रोज होत नाहीत. कायमची फौज बाळगणे म्हणजे वर्षानुवर्षे रिकाम्या हातांना पगार देणे. म्हणून आयोगाचा सांगाडा कायम ठेवावा आणि गरजेच्या वेळी राज्यांकडून माणसे उसनी घ्यावीत. त्या काळापुरती ती आयोगाच्या ताब्यात राहतील. दुसरी दुबळी जागा नेमणुकीची. मुख्य निवडणूक आयुक्ताला काढणे सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला काढण्याइतके अवघड केले होते, पण त्याला नेमणार होते राष्ट्रपती, म्हणजे पंतप्रधानांच्या सल्ल्याने सरकारच. शिब्बनलाल सक्सेनांनी सुचवले की संसदेच्या संयुक्त बैठकीत दोन तृतीयांश मतांनी या नेमणुकीला मान्यता मिळावी. हृदयनाथ कुंझरूंनीही हाच धोका दाखवला. आंबेडकरांनी तो झटकून टाकला नाही. या प्रश्नाने आपल्यालाही डोकेदुखी झाली आहे, मूर्ख, लबाड किंवा सरकारच्या मुठीतला माणूस या जागी बसू नये याची तरतूद नसेल तर पदाच्या सुरक्षिततेला अर्थ राहत नाही, अशा आशयाचे ते बोलले. अमेरिकेत सेनेटची मान्यता लागते, त्याचाही उल्लेख त्यांनी केला. अखेर संसदेने केलेल्या कायद्याच्या अधीन राहून राष्ट्रपती नेमणूक करतील, असे शब्द अनुच्छेदात घातले गेले. दार उघडे ठेवले. त्यातून आत येण्याचे काम पुढच्या संसदांवर सोडले. तो कायदा व्हायला चौऱ्याहत्तर वर्षे लागली.

२५ जानेवारी १९५० रोजी, प्रजासत्ताकाच्या आदल्या दिवशी, आयोग अस्तित्वात आला. २१ मार्चला सुकुमार सेन पहिले मुख्य निवडणूक आयुक्त झाले. साडेसतरा कोटींच्या आसपास मतदार, त्यांतले बहुसंख्य निरक्षर. प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पोलादी पेटी, तिच्यावर त्याचे चिन्ह, आणि मतदाराने आपली मतपत्रिका त्या पेटीत टाकायची, अशी युक्ती निघाली. मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात अशा लाखो पेट्या तयार झाल्या. अमक्याची बायको, तमक्याची आई अशाच नावाने नोंदवलेल्या सुमारे अठ्ठावीस लाख स्त्रियांची नावे सेन यांना यादीतून वगळावी लागली. स्वतःचे नाव सांगितल्याशिवाय मत नाही, हा नियम कठोर होता, पण पुढच्या खेपेला त्याच स्त्रिया स्वतःच्या नावाने यादीत आल्या. उसन्या माणसांनी, म्हणजे डेप्युटी कमिशनर, तहसीलदार, पटवारी आणि शाळामास्तरांनी ही निवडणूक पार पाडली.

आता आपण भंडाऱ्याकडे परत येऊ, कारण पोटनिवडणूक झाली कशामुळे हे अजून सांगायचे आहे. १९५१-५२च्या पहिल्या निवडणुकीत भंडारा हा द्विसदस्य मतदारसंघ होता. सर्वसाधारण जागेवर काँग्रेसचे चतुर्भुज विठ्ठलदास जसानी निवडून आले, राखीव जागेवरही काँग्रेसच. जसानी मुळजी सिक्का आणि कंपनी या विडी उद्योगातल्या पेढीचे भागीदार होते आणि या पेढीचा लष्करी कँटीनसाठी विड्या पुरवण्याचा सरकारशी करार होता. सरकारशी करार असलेल्याने लोकप्रतिनिधी होऊ नये, असा कायदा होता. त्याखेरीज राखीव जागेसाठी गंगाराम ठवरे यांनी भरलेला अर्ज निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने छाननीत बाद केला होता. कारण असे की ठवरे महानुभाव पंथात गेले, सबब ते महार राहिले नाहीत. महानुभाव पंथ भंडाऱ्याला परका नव्हता. चक्रधरस्वामींच्या अगदी पहिल्या शिष्यांत नीळभट्ट भांडारेकार येतात. सातशे वर्षे या प्रदेशात लोक पंथही पाळत होते आणि जातीतही राहत होते. मेजामागच्या अधिकाऱ्याने मात्र एका शेऱ्यात एका माणसाची जात पुसून टाकली.

प्रकरण निवडणूक न्यायाधिकरणापुढे गेले. त्या काळी ही न्यायाधिकरणे आयोग नेमत असे. १९६६नंतर हे काम उच्च न्यायालयांकडे गेले. तिथून वाद सर्वोच्च न्यायालयात पोचला आणि फेब्रुवारी १९५४मध्ये निकाल लागला. तो लिहिला न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी, जे पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते आणि ज्यांना या मुलखाची चालरीत ठाऊक होती. त्यांनी विचारले ते प्रश्न साधे होते. नव्या पंथात गेलेल्याला जुनी जात आपला मानते का? जाणाऱ्याचा स्वतःचा इरादा काय होता? नव्या पंथाचे नियम काय सांगतात? ठवऱ्यांना त्यांचे जातभाई महारच मानत होते, तेही स्वतःला महार म्हणवत होते. तेव्हा अर्ज चुकीने बाद झाला. विड्यांचा करारही जसानींच्या आड आला. निवडणूक रद्द झाली आणि दोन्ही जागा रिकाम्या झाल्या. सत्ताधारी पक्षाच्या दोन खासदारांची निवड अशी पुसली गेली, आणि दिल्लीतल्या किंवा नागपुरातल्या कोणत्याही मंत्र्याला ते अडवता आले नाही. प्रजासत्ताक तेव्हा चार वर्षांचे होते.

त्या रिकाम्या जागेवर आंबेडकर उभे राहिले. १९५२ साली मुंबईत नारायणराव काजरोळकरांकडून ते सुमारे साडेचौदा हजार मतांनी हरले होते. द्विसदस्य मतदारसंघात प्रत्येकाला दोन मते असत आणि ती दोन वेगळ्या उमेदवारांना द्यायची असत. दोन्ही एकाच पेटीत टाकली, तर एक मोजले जाई आणि दुसरे बाद होई. मराठी राजकारणाने या डावाला शब्द दिला, ‘मत कुजवणे’. मुंबईत ७४,३३३ मतपत्रिका अशा बाद झाल्या. मते कुजवण्याचा प्रचार केल्याचा ठपका कम्युनिस्ट नेते डांगे यांच्यावर ठेवून आंबेडकर आणि अशोक मेहतांनी मिळून दाद मागितली. अर्ज फेटाळला गेला. दोन वर्षांनी भंडाऱ्यात हे दोघे पुन्हा एकत्र उभे होते. कार्यकर्त्यांनी या खेपेला आपणच दुसरे मत कुजवू असे सुचवले आणि बाबासाहेबांनी ते मानले नाही, ही आठवण विदर्भातल्या आंबेडकरी घरांत आजही सांगितली जाते. त्यांच्या अनुयायांचे दुसरे मत मेहतांना मिळाले आणि मेहता निवडून आले. आंबेडकर हरले. डिसेंबर १९५६मध्ये ते गेले. १९६१च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघही गेले.

पुढची वीस-पंचवीस वर्षे आपण लवकर ओलांडू. १९५६मध्ये भंडारा मुंबई राज्यात आणि १९६०मध्ये महाराष्ट्रात आला, पेट्यांच्या जागी शिक्का मारायची मतपत्रिका आली. आयोग एका माणसाचा होता आणि सहसा गप्प असे. १९७४ साली जयप्रकाश नारायणांनी निवडणूक सुधारणांसाठी एक समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते सासवडचे वि. म. तारकुंडे. पंतप्रधान, विरोधी पक्षनेते आणि सरन्यायाधीश यांच्या समितीने आयुक्तांची निवड करावी, असे १९७५मध्ये तारकुंडे समितीने लिहिले. सक्सेनांच्या सूचनेनंतर त्या उघड्या दाराकडे पुन्हा बोट दाखवणारा हा पहिला महत्त्वाचा दस्तऐवज, आणि तो एका मराठी न्यायमूर्तीच्या हातचा, याचे मला अप्रूप वाटते. सरकारने त्याकडे पाहिले नाही. काही महिन्यांत आणीबाणी आली.

दुसरी दुबळी जागा, उसन्या माणसांची, मात्र हळूहळू बळकट होत गेली. १९७७मध्ये पंजाबातल्या फिरोजपूर मतदारसंघात मतमोजणीच्या गोंधळानंतर आयोगाने सबंध मतदारसंघात फेरमतदान पुकारले. मोहिंदरसिंग गिल खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ठरवले की कायदा जिथे गप्प आहे तिथे अनुच्छेद ३२४ हा आयोगासाठी अधिकारांचा साठा आहे. १९८८मध्ये संसदेने कायद्यात कलमे घातली: निवडणुकीच्या कामावर असलेला प्रत्येक अधिकारी त्या काळात आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर आहे असे मानावे. १९४९ साली आंबेडकरांनी सभागृहात तोंडी सांगितलेले आता कागदावर आले. पण प्रतिनियुक्तीवरचा अधिकारी चुकला तर त्याला शिक्षा कोण करणार? या एका प्रश्नावरून तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी ऑगस्ट १९९३मध्ये सतरा पानांचा आदेश काढून देशातल्या साऱ्या निवडणुका थांबवल्या. सरकारने ऑक्टोबरमध्ये आणखी दोन आयुक्त नेमून उत्तर दिले. १९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन सदस्यांची रचना वैध ठरवली. शेषन यांचा आवाज देशाला आठवतो. त्यांनी न्यायालयात लावून धरलेल्या वादाचा शेवट फारसा कोणाला आठवत नाही, आणि माझ्या मते तोच अधिक महत्त्वाचा. २००० साली केंद्र सरकार आणि आयोग यांच्यात सर्वोच्च न्यायालयापुढे समझोता झाला: कामात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला आयोग निलंबित करू शकेल, बदलू शकेल, शिस्तभंगाची शिफारस करू शकेल. उसना माणूस पहिल्यांदाच खऱ्या अर्थाने आयोगाच्या ताब्यात आला.

त्याचा प्रत्यय आपल्याला पुन्हा याच मातीत येतो. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तरी लोकसभेला दोन्ही जिल्ह्यांचा बहुतेक भाग एकत्रच मत देतो. डिसेंबर २०१७मध्ये नाना पटोले यांनी इथल्या खासदारकीचा राजीनामा दिला आणि २८ मे २०१८ रोजी पोटनिवडणूक झाली. पुन्हा मे महिना, रोहिणी नक्षत्र, नवतपा. सकाळपासून ठिकठिकाणी मतदान यंत्रे, विशेषतः मताची चिठ्ठी दाखवणारी व्हीव्हीपॅट यंत्रे, बंद पडू लागली. तीव्र उजेड आणि उष्णता यांचा त्यांच्या संवेदकांवर परिणाम झाला, असे आयोगाचे म्हणणे होते. उन्हातान्हात रांगेत उभे राहून लोक परतले. दोनच दिवसांत, ३० मे रोजी, ४९ केंद्रांवर फेरमतदान झाले. गोंदियाच्या जिल्हाधिकाऱ्यांची आयोगाच्या हुकुमावरून बदली झाली. ३१ मे रोजी मोजणी होऊन राष्ट्रवादी काँग्रेसचे मधुकर कुकडे सुमारे ४८ हजार मतांनी निवडून आले. त्या वेळी केंद्रात आणि राज्यात भारतीय जनता पक्षाची सत्ता होती. यंत्रांविषयी लोकांच्या मनात शंका राहिल्या, त्या रास्तही होत्या, कारण विदर्भात मे महिन्यात ऊन पडते हे यंत्रे पाठवणाऱ्यांना आधी कळायला हवे होते. पण चूक झाल्यावर फेरमतदान कुठे घ्यायचे आणि कोणाला हलवायचे, हे मंत्रालयाने ठरवले नाही. एकेकाळी डेप्युटी कमिशनरचा शब्द शेवटचा असलेल्या जिल्ह्यांत हे घडले.

गावच्या निवडणुकांचा रस्ता थोडा निराळा. ७३व्या आणि ७४व्या घटनादुरुस्तीनंतर १९९४ साली महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोग स्थापन झाला आणि जिल्हा परिषद, नगरपरिषद, ग्रामपंचायत त्याच्याकडे आल्या. डिसेंबर २०२१मध्ये भंडारा जिल्हा परिषदेची निवडणूक चालू असतानाच सर्वोच्च न्यायालयाने इतर मागासवर्गीयांच्या जागांवरचे मतदान रोखले. बाकीच्या जागांवर २१ डिसेंबरला मतदान झाले आणि रोखलेल्या जागा सर्वसाधारण करून १८ जानेवारी २०२२ रोजी. मार्चमध्ये विधिमंडळाने एकमताने कायदा करून प्रभागरचनेचा अधिकार राज्य आयोगाकडून राज्य सरकारकडे घेतला. सत्ताधारी आणि विरोधक, दोघांचेही हात त्या दिवशी एकत्र वर झाले. प्रभागाची हद्द आखणाऱ्याच्या हाती अर्धी निवडणूक असते. हा अधिकार परत घेणे म्हणजे १९३७च्या पेचाकडे परत जाणे, असे मी मानतो. त्यानंतर भंडारा नगरपरिषदेसह राज्यातल्या कितीतरी संस्था वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती राहिल्या. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५मध्ये आदेश दिला, तेव्हा कुठे २ डिसेंबर २०२५ रोजी नगरपरिषदांचे मतदान सुरू झाले.

उरली ती पहिली, नेमणुकीची दुबळी जागा. २ मार्च २०२३ रोजी अनूप बरनवाल खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितले की संसद कायदा करीपर्यंत पंतप्रधान, विरोधी पक्षनेते आणि सरन्यायाधीश यांच्या समितीच्या सल्ल्याने आयुक्त नेमावेत. तारकुंडे समितीची सूचना अठ्ठेचाळीस वर्षांनी अशी मान्य झाली. ती दहा महिनेही टिकली नाही. डिसेंबर २०२३मध्ये संसदेने, संविधानाने तिच्यावर सोपवलेला कायदा अखेर केला. त्यात पंतप्रधान आणि विरोधी पक्षनेते राहिले, सरन्यायाधीशांच्या जागी पंतप्रधानांनी निवडलेला एक केंद्रीय मंत्री आला. तीनपैकी दोन मते सरकारची. सरकारच्या मुठीतला माणूस या जागी बसू नये याची सोय काय, या १९४९च्या प्रश्नाला या कायद्यात उत्तर नाही. नेमले गेलेले आयुक्त व्यक्तिशः कितीही सचोटीचे असोत, हरणाऱ्या पक्षाला आणि त्याच्या मतदाराला त्यांच्यावर विसंबण्याचे कारण नेमणुकीच्या रीतीतूनच मिळायला हवे. हार मान्य करता येते, ती पंच कोणाचा मिंधा नाही या भरवशावर.

या कायद्याने निवडलेले पहिले दोन आयुक्त १४ मार्च २०२४ रोजी नेमले गेले. २१ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने कायद्याला स्थगिती देण्यास नकार दिला. १९ एप्रिल २०२४ रोजी, लोकसभा निवडणुकीच्या पहिल्याच टप्प्यात, भंडारा-गोंदियाने मतदान केले. त्या दिवशी या आयुक्तांच्या नेमणुकीला छत्तीस दिवस झाले होते. वाचकहो, तुमच्याकडे मत मागायला जो येईल, त्याला त्या समितीतली तिसरी खुर्ची सरकारबाहेरच्या माणसाला देणार का, एवढे विचारा.